चाई, खवडे आणि केसगळती : वर्गशिक्षकाने काय पाहावे, काय करावे

डोळखांब केंद्राच्या एका शिक्षण परिषदेत गणिताच्या साहित्यावरील चर्चा आटोपून चहा आला असता एका शिक्षिका भगिनीने संकोचाने एक प्रश्न विचारला. त्यांच्या इयत्ता तिसरीतील एका मुलीच्या डोक्यावर, उजव्या कानाच्या वर, रुपयाएवढा भाग अगदी गुळगुळीत झाला होता. पंधरा दिवसांत त्याशेजारी दुसरा चट्टा उमटला. पाड्यावरील दोन-तीन पालक शाळेत येऊन सांगून गेले, "बाई, तिला आमच्या पोरांच्या बसकरपट्टीवर बसवू नका." मुलीच्या आईने तिला घरीच ठेवण्याचे ठरविले होते. "साहेब, मी काय करावे?" असा त्यांचा प्रश्न होता.

त्या दिवशी मी दिलेले उत्तर घाईचे व अपुरे होते. नंतर या विषयाचे वाचन केले, वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोललो, आणि माझ्या स्वतःच्या नोकरीतील एक जुनी चूकही आठवली. त्यातून प्रस्तुत लेख तयार झाला आहे. शिक्षकाने वैद्य व्हावे असा याचा हेतू नाही. परंतु वर्गातील प्रत्येक मुलाचे डोके दररोज पाच-सहा तास ज्याच्या डोळ्यांसमोर असते असा मनुष्य शिक्षकाखेरीज दुसरा नाही, हेही तितकेच खरे आहे.

प्रथम केसाविषयी थोडेसे. माणसाच्या डोक्यावर अदमासे एक लाख केस असतात. त्वचेवर दिसणारा केस हा निर्जीव धागा असून जिवंत भाग आहे तो त्याच्या मुळाशी, त्वचेतील लहानशा पिशवीत. प्रत्येक केस काही वर्षे, साधारणपणे दोन ते सहा, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर या गतीने वाढतो, नंतर काही महिने विसावतो व गळतो. त्याच जागी नवा येतो. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस गळणे हे रोगाचे लक्षण नव्हे. विषमज्वर, हिवताप किंवा मोठा आजार होऊन गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी एखाद्या मुलाचे केस मूठमूठ गळू लागतात, तेव्हा पालक घाबरून जातात. आजाराच्या ताणाने पुष्कळ केस एकाच वेळी विसाव्याला गेले, एवढाच त्याचा अर्थ असतो. मुळे शाबूत असल्याने ते परत येतात. आपणांस काळजी करावयाची आहे ती ठिपक्याठिपक्यांनी, चट्ट्याचट्ट्यांनी जाणाऱ्या केसांची.

अशा चट्ट्यांची मुलांमध्ये आढळणारी मुख्य कारणे दोन. आपल्या भागात दोन्हींना लोक सरसकट "चाई पडली" असे म्हणतात, आणि येथेच पहिला घोटाळा होतो. एक आहे खवडा, म्हणजे डोक्यावरील बुरशीचा रोग. अंगावर जो नायटा होतो त्याच जातीची बुरशी डोक्याच्या त्वचेत व केसांत शिरली की खवडा होतो. दुसरी आहे खरी चाई. पहिला रोग संसर्गजन्य असून औषधाने पूर्ण बरा होतो. दुसरी मुळीच संसर्गजन्य नाही. मात्र ती जाते, परत येते, आणि काहींच्या बाबतीत जन्मभर सोबत करते. ज्याला दूर बसवू नये त्याला आपण दूर बसवितो, आणि ज्याला दवाखान्यात न्यावे त्याच्या डोक्याला तेल लावून स्वस्थ बसतो, असे आपल्याकडे वारंवार घडते.

ओळखावे कसे? दिवसाउजेडी, इतर मुले जवळ नसताना, मुलाची परवानगी विचारून चट्टा पाहावा. विज्ञानाच्या पेटीतील बहिर्गोल भिंग पुरेसे आहे. खवड्याचा चट्टा खरखरीत असतो. त्यावर पांढुरका कोंडा किंवा खपल्या दिसतात, खाज असते, आणि केस मुळासकट गेलेले नसून त्वचेलगत तुटलेले असल्यामुळे पुष्कळदा काळे ठिपके ठिपके दिसतात. मानेवर किंवा कानामागे गाठी सुजलेल्या हाताला लागतात. चाईचा चट्टा याच्या उलट असतो. तो गोल किंवा लांबट गोल असून तळहातासारखा गुळगुळीत असतो. खपली नाही, लाली नाही, बहुधा खाजही नाही. कडेला काही आखूड केस असतात, ते मुळाशी बारीक व टोकाला जाड, उद्गारचिन्हासारखे दिसतात. काही मुलांच्या नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडलेले असतात. ही खूण मला फार उशिरा कळली. नखे आपण दर सोमवारी तपासतो, पण केवळ मळ पाहण्यासाठी.

एवढ्यावरून शिक्षकाने निदान करू नये. संशय घ्यावा, इतकेच.

खवड्याविषयी अधिक सांगणे अवश्य आहे, कारण उशीर झाला असता कायमचे नुकसान होते ते यातच. हा रोग प्रायः लहान मुलांचा. वयात आल्यावर त्वचेतून स्रवणाऱ्या तेलात असे काही घटक येतात की बुरशीला तेथे वाढणे कठीण जाते. त्यामुळे इयत्ता पहिली ते पाचवीचे वर्ग, अंगणवाडी आणि आश्रमशाळांची वसतिगृहे येथे तो विशेष आढळतो. एकच फणी, एकच टोपी, उशाला एकच गोधडी, अदलाबदल केलेल्या फिती यांमधून तो पसरतो. मांजराच्या पिलांपासून, कुत्र्याच्या पिलांपासून, आणि अंगावर करडे चट्टे असलेल्या वासरांपासूनही तो मुलांना होतो. गुरांपासून आलेला प्रकार विशेष दाहक असतो. डोक्यावर पू भरलेली, दाबल्यास मऊ लागणारी सूज येते. लोक त्यास गळू समजून चिरा देतात. तसे मुळीच करू नये. ही सूज दुर्लक्षित राहिली की त्या जागी व्रण होऊन केसाची पिशवीच नष्ट होते, आणि तेथे पुन्हा केस येत नाही. चार आठवड्यांचा आळस त्या मुलाच्या डोक्यावर साठ वर्षे दिसत राहतो.

आता औषधाचे. बुरशी केसाच्या आत व मुळापाशी असल्यामुळे वरून लावलेले मलम तेथपर्यंत पोहोचत नाही. अंगावरच्या नायट्याला जे मलम चालते ते डोक्याला पुरत नाही. पोटातून गोळ्याच घ्याव्या लागतात. ग्रिसिओफुल्व्हिन हे त्यातील जुने व खात्रीचे औषध. ते सामान्यतः सहा ते आठ आठवडे, रोज, जेवणानंतर घ्यावयाचे असते. स्निग्ध पदार्थाबरोबर ते शरीरात चांगले शोषले जाते, म्हणून दूध किंवा तेलातुपाचा घास त्याबरोबर असावा. टर्बिनाफिन हे नवे औषध त्याहून कमी दिवस द्यावे लागते. कोणते द्यावयाचे व किती, हे मुलाच्या वजनावर अवलंबून असल्याने वैद्यकीय अधिकाऱ्यांनीच ठरवावे. सोबत आठवड्यातून दोनदा औषधी शाम्पूने डोके धुतल्यास केसांवरील बुरशीचे बीज कमी होते व इतरांस होणारा संसर्ग घटतो. आणि हे नीट लक्षात ठेवावे की उपचार सुरू झाल्यानंतर मुलास शाळेतून घरी ठेवण्याचे कारण नाही.

या साध्या गोळीमागे केवढा इतिहास आहे, तो वर्गात सांगण्याजोगा आहे. डोक्यावरील या रोगाचे कारण बुरशी आहे, हे १८४० च्या सुमारास युरोपात शेनलाइन व ग्रुबी या वैद्यांनी सूक्ष्मदर्शकातून दाखवून दिले. कारण कळले, पण उपाय नव्हता. केस उपटून काढणे हाच इलाज होता. १९०४ मध्ये पॅरिसचे सबुरो यांनी क्ष-किरण देऊन केस गाळून टाकण्याची रीत बसविली आणि पुढील पन्नास वर्षे जगभर हजारो मुलांच्या डोक्यांवर क्ष-किरण सोडण्यात आले. इस्रायलमध्ये १९४८ नंतर बाहेरून आलेल्या कुटुंबांतील मुलांवर हा उपचार फार मोठ्या प्रमाणात झाला. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसून आले की त्या मुलांमध्ये मोठेपणी मेंदूच्या व गलग्रंथीच्या गाठींचे प्रमाण अधिक होते. १९९४ मध्ये तेथे त्यांच्या भरपाईसाठी कायदा करावा लागला. इकडे ग्रिसिओफुल्व्हिन हा पदार्थ लंडनमधील शास्त्रज्ञांनी १९३९ मध्येच एका बुरशीतून वेगळा काढून ठेवला होता. परंतु तो पोटातून दिल्यास नायटा बरा होतो, हे १९५८ मध्ये ग्लासगोच्या जेंटल्स यांनी गिनीपिगांवर प्रयोग करून दाखविले. बुरशीचे औषध दुसऱ्या बुरशीतच होते, आणि ते एकोणीस वर्षे कपाटात पडून राहिले! या कथेवर इयत्ता सातवीच्या मुलांशी अर्धा तास सहज बोलता येते.

आता खऱ्या चाईकडे वळू. आयुर्वेदात हिला इंद्रलुप्त असे नाव असून सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये तिची गणना केलेली आहे. झुरळ चाटून गेले, किडा फिरला, कोणाची नजर लागली, अशा समजुती आपल्याकडे आहेत. त्यांचा उगम समजण्यासारखा आहे. कारण रात्री निजलेल्या मुलाच्या उशीवर सकाळी केसांचा पुंजका दिसतो, आणि रात्रीत काहीतरी येऊन गेले असे वाटणे साहजिक आहे. परंतु किडा नाही, बुरशी नाही, बाहेरचे कोणीही नाही. रोगजंतूंशी लढण्यासाठी शरीरात ज्या पांढऱ्या पेशी असतात, त्याच काही चुकीने केसांच्या मुळांना परके समजून त्यांच्यावर चाल करतात. केस गळतो, परंतु मूळ मरत नाही. म्हणूनच चाईत आशेला जागा राहते. शंभर माणसांपैकी सुमारे दोघांना आयुष्यात केव्हातरी ही व्याधी होते. एक-दोन लहान चट्टे असतील तर पुष्कळांचे केस वर्षभरात आपोआप येतात. प्रथम पांढरे व मऊ, नंतर काळे. परंतु काहींना चट्ट्यामागून चट्टे पडत जातात. क्वचित सगळे डोके, भुवया व पापण्याही जातात. लहानपणी सुरू झालेली व पसरत गेलेली चाई अधिक चिवट असते. त्वचारोगतज्ज्ञ मलमे देतात, मोठ्यांना चट्ट्यात बारीक सुईने औषध टोचतात. २०२२ पासून या व्याधीसाठी मान्यता मिळालेल्या काही नव्या गोळ्या आल्या आहेत. त्या महाग आहेत, वैद्याच्या देखरेखीखालीच घ्याव्या लागतात, आणि थांबविल्यास केस पुन्हा गळू शकतात. हे सर्व पालकांना खरेखरे सांगावे. "महिनाभरात येतील" असे आश्वासन देऊ नये. ते खोटे ठरले की पालक दवाखाना सोडतात आणि मूल शाळा सोडते.

माझी चूक मी येथे सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, मी एका द्विशिक्षकी शाळेत होतो. इयत्ता दुसरीतील एका कातकरी मुलाच्या डोक्यावर खपल्या आल्या होत्या, वास येत होता. इतर मुले नाक मुरडीत. मी त्याच्या वडिलांना बोलावून सांगितले, "बरा झाला की पाठवा." मला वाटले, मी वर्गाचे रक्षण केले. औषध कोठे मिळेल, किती दिवस घ्यावे, यातले मी एक अक्षर सांगितले नाही, कारण मलाच ठाऊक नव्हते. तो मुलगा बरा झाला की नाही, मला माहीत नाही. शाळेत तो परत आला नाही. हजेरीपत्रकावर तीन महिने त्याच्या नावापुढे "गै" लागत गेला आणि पुढच्या जूनमध्ये पटावरून त्याचे नाव कमी झाले. ते कमी करणारी सही माझी होती. त्या काळी २००९ चा शिक्षणहक्क कायदा नव्हता. आज त्या कायद्याच्या कलम १६ अन्वये प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलास शाळेतून काढता येत नाही व कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षेप्रमाणेच मानसिक छळासही मनाई आहे. "बरा झाला की पाठवा" हे वाक्य सभ्य भाषेतले काढून टाकणेच होते, असे मला आज वाटते.

पहिल्या प्रसंगातील मुलीकडे येतो. तिचा चट्टा गुळगुळीत होता, म्हणजे चाईचा संशय. त्या शिक्षिका भगिनींनी प्रथम तिच्या आईला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्र गाठले. तेथील अधिकाऱ्यांनी तपासून संसर्ग नाही असा शेरा दिला. तो शेरा घेऊन बाईंनी पालकसभा बोलाविली. परंतु त्या मुलीचे नाव सभेत एकदाही घेतले नाही. डोक्याचे दोन रोग असतात, एक लागतो व एक लागत नाही, हे त्यांनी फळ्यावर दोन वर्तुळे काढून समजावले. एकात ठिपके, एक कोरे. मग सर्व मुलांची डोकी पाहावयाची असल्याचे सांगितले. त्यात खवड्याची दोन मुले निघाली. आणि गंमत अशी की त्यांतील एक मूल तक्रार घेऊन आलेल्या पालकांपैकी एकाचेच होते. त्यानंतर बसकरपट्टीचा विषय कोणी काढला नाही.

मुलीच्या बाबतीत हे दुःख मुलापेक्षा अधिक खोल जाते, याचा विसर पडू देऊ नये. मुलाचे डोके उन्हाळ्यात तासले तरी कोणी वळून पाहत नाही. स्त्रीच्या उघड्या डोक्याला मात्र आपल्या समाजाने शतकानुशतके अशुभ ठरविले. विधवांच्या केशवपनाविरुद्ध महाराष्ट्रात केवढी चळवळ करावी लागली, आणि त्यात मुंबईतील नाभिक बांधवांनी १८९० मध्ये हे काम न करण्याचा पवित्रा घेतला होता, हा इतिहास आपणांस ठाऊक आहेच. "बोडकी" हा शब्द आजही शिवीसारखा वापरला जातो. आठ वर्षांच्या मुलीला त्याचा अर्थ कळत नाही, पण विष कळते. असा शब्द वर्गात उच्चारला गेल्यास उच्चारणाऱ्या मुलास छडीसारखे शब्द मारू नयेत. मधल्या सुटीत एकट्याला जवळ बसवून विचारावे, की हा शब्द तू कोणाकडून ऐकलास. उत्तर बहुधा घरातले निघते.

मुलांसमोर हा विषय कसा मांडावा? परिसर अभ्यासात "आपले शरीर" हा घटक असतोच. त्यातील एक तासिका केसांसाठी राखावी. ज्या मुलाला व्याधी आहे त्यास उदाहरण म्हणून उभे करण्याचा मोह टाळावा. म्हणून हा पाठ वर्षारंभीच, कोणाला काही नसताना, घेऊन टाकावा हे उत्तम. प्रस्तावनेसाठी शिक्षकाने स्वतःच्या डोक्याचा एक केस काढून भिंगाखाली ठेवावा. "हा केस कापला तर दुखते का? उपटला तर?" मुले लगेच उत्तर देतात. "मग जिवंत भाग कोठे?" येथे भाताच्या रोपाचे उदाहरण घ्यावे. आवणातील रोप वरून खुडले तर पुन्हा फुटते; मुळाशी कीड लागली तर वाळते; आणि कधी रोप पिवळे पडून खुंटते, पण मूळ शाबूत असते व पाऊस आला की तरारते. तुटलेला केस, खवड्याने मेलेले मूळ आणि चाई, ही तिन्ही शेतकऱ्याच्या मुलाला या एका दाखल्यातून समजतात. नंतर मुलांनी आपापल्या घरी किती माणसे व किती फण्या आहेत हे मोजून आणावे. दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्याचा तक्ता होतो आणि गणिताचा तासही साधतो. एका शाळेत सात माणसांत एक फणी अशी घरे निम्म्याहून अधिक निघाली. त्यावर व्याख्यान देण्याऐवजी त्या गुरुजींनी फणी दहा मिनिटे साबणाच्या गरम पाण्यात बुडवून घासून कशी काढावी, हे बादली मांडून करून दाखविले.

येथे पाण्याचा विषय निघतो व तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्या शहापूर तालुक्यातील भातसा व तानसा या जलाशयांचे पाणी मुंबईस जाते, आणि चैत्र-वैशाखात याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर बायका टँकरची वाट पाहत हंडे मांडून बसतात. अशा ठिकाणी "आठवड्यातून दोनदा डोके धुवा" हे वाक्य लिहिताना माझा हात अडखळतो. शाळेच्या टाकीत पाणी असेल त्या दिवशी, शनिवारी सकाळच्या शाळेनंतर, उपचार चालू असलेल्या दोघा-तिघा मुलांचे डोके शाळेतच धुवून देण्याची सोय काही शिक्षकांनी केली आहे. तेवढे जमले तरी पुष्कळ झाले.

घरगुती उपायांविषयी. भगत किंवा वृद्ध मंडळी जे सांगतात ते सगळे हसण्यावारी नेऊ नये. तसे केल्यास लोक आपणांस काही सांगेनासे होतात. करंजाच्या तेलाने खपल्या मऊ होतात, त्याला हरकत घेऊ नये. मुळातील बुरशी त्याने मरत नाही, एवढे सांगावे. परंतु तीन गोष्टींना निक्षून विरोध करावा. बिब्बा डोक्याला लावल्यास त्वचा भाजते, फोड येतात आणि त्यांचे व्रण राहून केस कायमचे जातात. म्हणजे बरी होण्याजोगी चाई आपणच न बरी होणारी करतो. गुंजेच्या बिया वाटून लावण्याची रीत जुनी आहे, पण ती बी अत्यंत विषारी असून वाटलेला लेप लहान मुलाच्या हातातून तोंडात गेल्यास जिवावर बेतते. तिसरे, उवांसाठी रॉकेल. त्याने त्वचा पोळते, आणि चुलीजवळ बसलेल्या मुलीचे केस पेटू शकतात. उवांना बारीक दातांची फणी आणि दवाखान्यातील औषध हेच ठीक.

एक कारण मात्र आपल्या शाळेतच निर्माण होते. गणवेषाच्या शिस्तीसाठी मुलींनी दोन वेण्या घट्ट घालून, दुमडून, फितीने वर बांधाव्यात असा आपला आग्रह असतो. वर्षानुवर्षे केस ताणले गेल्याने कपाळावरची व कानांजवळची केसांची रेषा मागे सरकते, व ताण फार काळ राहिल्यास ते केस परत येत नाहीत. वेण्या असाव्यात, पण सैल. कपाळाची कातडी ओढली जाऊन भुवया वर चढलेल्या दिसत असतील तर ती वेणी घट्ट आहे, असे समजावे. याशिवाय आश्रमशाळेत नव्याने आलेले एखादे मूल रात्री एकटे असताना स्वतःचेच केस उपटते. त्याच्या डोक्यावर वेडावाकडा चट्टा असतो व त्यात लहानमोठ्या लांबीचे केस असतात. त्याला रागावू नये. ते घराच्या आठवणीने व्याकूळ झालेले असते; त्याच्या शेजारी त्याच्याच पाड्याचा मुलगा निजेल अशी व्यवस्था करून पाहावी, आणि तेवढ्याने न थांबल्यास वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवावे.

केसगळतीने गावाच्या गाव कसे हादरते, हे आपण बुलढाणा जिल्ह्यात पाहिले. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा इत्यादी गावांत लोकांच्या डोक्याला खाज सुटून तीन-चार दिवसांत केस हातात येऊ लागले. पाहता पाहता अडीचशेहून अधिक स्त्रीपुरुष व मुले बाधित झाली. प्रथम पाण्यावर संशय गेला, नंतर बुरशीवर. जानेवारी २०२५ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे पथक येऊन नमुने घेऊन गेले. विंचुदंशावरील संशोधनामुळे सर्वपरिचित असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तेथे जाऊन तपासणी केली व स्वस्त धान्य दुकानातील गव्हात सेलेनियम या द्रव्याचे प्रमाण फार अधिक असून रुग्णांच्या रक्तात व केसांतही ते वाढलेले आहे, असा निष्कर्ष फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडला. तो गहू खाणे बंद केल्यावर काही आठवड्यांत केस येऊ लागल्याचेही त्यांनी नमूद केले. सेलेनियम शरीराला अत्यल्प प्रमाणात लागते; अधिक झाले की केस व नखे यांवर प्रथम आघात करते. (याच द्रव्याचे एक संयुग कोंड्यावरील शाम्पूत असते, हे ऐकून आपले विज्ञान शिक्षक चकित होतील.) आपल्या दृष्टीने यातील बोध व्यवहाराचा आहे. एकाच गावात, एकाच आठवड्यात अनेक डोकी उजाड होऊ लागली तर ती चाई नव्हे आणि खवडाही नव्हे; त्याच दिवशी आरोग्य केंद्रास कळवावे, आणि दोष कोणाच्या माथी मारण्याची घाई करू नये. शेगाव भागातील तरुण मुलींची कॉलेजे सुटली, काहींची लग्ने अडली, असे त्या वेळी वृत्तपत्रांतून आले होते. केस परत आले तरी गेलेले वर्ष परत येत नाही.

ज्या मुलाची किंवा मोठ्या माणसाची चाई जातच नाही, त्याने कसे राहावे? याचे उत्तर मी पुस्तकातून नव्हे, आमच्याच एका सहकारी भगिनीकडून शिकलो. बारा वर्षांपूर्वी त्यांचे सगळे केस गेले. पहिली दोन वर्षे त्यांनी बदली मागितली, रजा काढल्या, पैसे खर्चून टोप घेतला. शहापुरापुढच्या उकाड्यात तो टोप असह्य होई आणि तो सरकेल या भीतीने त्या फळ्यावर वरच्या ओळीत लिहीत नसत. शेवटी एका जूनमध्ये त्या सुती रुमाल बांधून वर्गात गेल्या. पहिलीतील एका मुलाने विचारले, "बाई, तुमचं केस कुठं गेलं?" बाई म्हणाल्या, "गळून गेले. मला एक आजार आहे, तो कोणाला लागत नाही, दुखतही नाही." मुलाने क्षणभर विचार करून पुन्हा विचारले, "मग गाणं शिकवाल ना?" प्रश्न तेथेच संपला. शिक्षकांच्या खोलीत मात्र तो संपावयास आणखी वर्ष लागले, असे त्या हसत सांगतात. त्यांचे तीन अनुभव मी येथे नोंदवितो. उघड्या त्वचेला ऊन फार लागते, म्हणून रुमाल किंवा टोपी ही लाजेसाठी नसून उन्हासाठी आहे असे मुलास सांगावे व शाळेत टोपी काढावयास लावू नये. पापण्या गेल्या असल्यास डोळ्यांत धूळ जाते. अशा मुलास मैदान झाडण्याचे काम देऊ नये. आणि दररोज "आता कसे आहे?" असे विचारून त्यास डोक्याची आठवण करून देऊ नये. महिन्यातून एकदा, एकांतात, पुरे.

छायाचित्राच्या दिवशी, स्नेहसंमेलनात व प्रभातफेरीत अशी मुले हळूच मागे सरकतात, त्याकडे लक्ष असावे. पुढे ओढू नये, विचारावे.

कार्यपद्धतीविषयी थोडक्यात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे झाला. त्याची पथके शाळेत वर्षातून एकदा व अंगणवाडीत दोनदा तपासणीस येतात. परंतु खवडा त्यांची वाट पाहत नाही. संशय येताच चिठ्ठी देऊन मुलास पालकांसह आरोग्य केंद्रात पाठवावे. अधिक तपासणी लागल्यास शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय आहे. चिठ्ठीत रोगाचे नाव लिहू नये. "डोक्यावर खरखरीत चट्टा, तीन आठवड्यांपासून, खाज आहे, घरी आणखी दोन भावंडे" असे जे दिसले ते लिहावे. वैद्यकीय अधिकाऱ्यांना तेच उपयोगी पडते. भावंडांना बरोबर पाठवावे, नाहीतर एक बरा होतो तोवर दुसऱ्याकडून त्यास पुन्हा होतो.

खरी अडचण स्थलांतराची आहे. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात, आणि सहा-आठ आठवड्यांचा उपचार दोन आठवड्यांवर तुटतो. खपल्या गेल्या की पालकांना रोग गेला असे वाटते, गोळ्या बंद होतात, आणि ज्येष्ठात तेच मूल अधिक मोठा चट्टा घेऊन परत येते. यावर आमच्या केंद्रातील एका गुरुजींनी काढलेली तोड मला पसंत पडली. औषधाचे जेवढे दिवस तेवढे चौकोन आखलेला एक कागद ते मुलाजवळ देतात. कागदाच्या पाठीमागे औषधाचे नाव, सुरू केल्याची तारीख व डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा डॉक्टरांकडूनच लिहून घेतात, म्हणजे भट्टीजवळच्या दवाखान्यात तो दाखविता येतो. जितके दिवस बाकी तितक्या गोळ्या एकदम मिळाव्यात म्हणून ते स्वतः शब्द टाकतात. रोज गोळी घेतली की मुलाने एका चौकोनात खूण करावयाची.

गेल्या जूनमध्ये त्या शाळेस भेट दिली तेव्हा त्यांनी मला असा एक कागद दाखविला. इयत्ता चौथीतील मुलगा भिवंडीकडच्या भट्टीवरून परत आला होता. कागद घडीवर फाटला होता, मातीने तांबडा झाला होता. छप्पन्न चौकोनांपैकी एक्कावन्नांत कोळशाच्या रेघा होत्या. उरलेल्या पाचांविषयी त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला की ते पाच दिवस कोळसा सापडला नाही, गोळी घेतली होती.